दोन काठ्या घेऊन चालताना : गुडघ्याचा भार हातांवर कसा घ्यावा

आमच्या भागात गुडघा दुखू लागला की ‘वंगण संपलं’ असे म्हणतात आणि पुढे कोणी काही करत नाही. निंदण, कापसाची वेचणी, सोयाबीनची सोंगणी ही सगळी उकिडवे बसून किंवा वाकून होणारी कामे आयुष्यभर केलेल्या बायामाणसांना पन्नाशीनंतर वावरात जाऊन येणेही जड होते, आणि एकदा चालणे कमी झाले की मांडीचे स्नायू सुकतात व गुडघा आणखी दुखतो. मी वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. माझेही गुडघे असेच धरले होते. फिजिओथेरपीच्या व्यायामांसोबत दोन काठ्या घेऊन चालायला शिकले, आणि गेली काही वर्षे शाळेच्या मैदानावर सकाळी गावातल्या लोकांना ते शिकवते आहे. शिकवताना ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसल्या, त्या नव्याने सुरुवात करणाऱ्यांच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी एक प्रयोग

काठ्या विकत घेण्यापूर्वी हा प्रयोग कुठल्याही दोन लाकडी काठ्यांनी करून पाहावा. घरात वजनकाटा असेल तर त्यावर उभे राहावे, दोन्ही काठ्यांची टोके काट्याच्या बाहेर जमिनीवर टेकवावीत आणि आकड्याकडे पाहावे. काठ्या नुसत्या टेकवल्या तर आकडा हलत नाही. मग कोपर थोडे वाकवून, खांदे न उचलता, तळहाताने काठ्या खाली दाबाव्यात. माझे वजन ६४ किलो आहे, आणि नीट दाब दिला की काटा ५७ पर्यंत उतरतो. म्हणजे सात किलो माझ्या हातांनी घेतले आणि तेवढे पायांच्या वाट्याचे कमी झाले. काठ्यांचा सांध्यांना होणारा उपयोग समजण्यासाठी एवढा प्रयोग पुरेसा आहे. काठी जितकी दाबली जाईल तितकाच भार कमी होतो. हातात मिरवत नेलेल्या काठीने गुडघ्याला काहीही मिळत नाही, आणि नव्याने सुरुवात केलेल्या दहांपैकी आठ जण पहिल्या आठवड्यात काठ्या मिरवतच असतात.

हा भार किती मोठा असतो याची कल्पना सहसा नसते. कृत्रिम गुडघ्याच्या आत बल मोजणारी यंत्रणा बसवून जर्मनीत जे मोजमाप झाले व २०१० साली प्रसिद्ध झाले, त्यात सपाट जमिनीवर चालताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे २.६ पट, पायऱ्या चढताना सुमारे ३.२ पट आणि पायऱ्या उतरताना सुमारे ३.५ पट बल येत असल्याचे दिसले. ६५ किलो वजनाच्या माणसाच्या बाबतीत हे बल सपाटीवर सुमारे १७० किलोइतके आणि उतरताना २२५ किलोच्या आसपास भरते. वजनापेक्षा भार जास्त भरण्याचे कारण असे की, सांधा सावरून धरण्यासाठी आजूबाजूचे स्नायू हाडांना एकमेकांवर जोराने ओढून धरतात आणि तो ताणही सांध्यावरच पडतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणलेल्या अवस्थेत शरीराला रोखून धरतो, त्यामुळे गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर अधिक दाबली जाते. ‘चढायला काही वाटत नाही, उतरताना जीव जातो’ ही आपल्याकडची तक्रार या आकड्यांशी जुळते.

काठ्या कुठे उपयोगी पडतात आणि कुठे नाही

येथे मला स्पष्ट लिहायचे आहे, कारण काठ्या विकणारे सरसकट ‘गुडघ्याचा भार तीस टक्के कमी’ असे सांगून मोकळे होतात. १९९९ साली ऑस्ट्रियातील साल्झबर्गच्या संशोधकांनी २५ अंशांच्या तीव्र उतारावर माणसांना काठ्यांसह व काठ्यांशिवाय उतरवून मोजमाप केले, तेव्हा काठ्यांमुळे गुडघ्यावरची बले १२ ते २५ टक्क्यांनी कमी झालेली आढळली. हा निष्कर्ष तीव्र उताराचा आहे. सपाट जमिनीवर मात्र नंतरच्या अनेक अभ्यासांत गुडघ्यावरचा भार फारसा घटलेला दिसला नाही, आणि पाय बाहेरच्या बाजूला वाकलेल्या व गुडघ्याची आतली बाजू झिजलेल्या लोकांत तर आतल्या बाजूचा ताण किंचित वाढलेलाही आढळला. काठ्यांच्या रेट्याने माणूस नकळत लांब पावले टाकू लागतो आणि टाच जोरात आपटते, हे त्यामागचे एक कारण आहे. म्हणून गुडघा दुखणाऱ्यांना मी पहिल्या दिवसापासून पाऊल आखूड ठेवायला लावते.

मग आपल्या सपाट, काळ्या मातीच्या मुलखात काठ्या कशाला, असा प्रश्न कोणी विचारेल. उतार सोडला तरी त्यांचे तीन उपयोग आहेत आणि ते मी रोज पाहते. जमिनीला टेकलेली दोन जास्तीची टोके शरीराला बाजूने आधार देतात, त्यामुळे पांदण रस्त्यावरच्या चाकोऱ्यांत पाय मुरगळण्याची भीती कमी होते. भीती कमी झाली की माणूस अंग आकसून चालत नाही आणि आधी दहा मिनिटांत थांबणारी व्यक्ती अर्धा तास चालते. हातही कामाला लागत असल्याने त्याच वेगात शरीराला अधिक श्रम होतात. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोजमापात काठ्यांसह चालताना प्राणवायूचा वापर सरासरी सुमारे २० टक्क्यांनी वाढला होता, पण चालणाऱ्यांना दमल्यासारखे त्या प्रमाणात वाटले नव्हते. ज्यांना सांध्यांमुळे वेगाने चालता येत नाही, त्यांच्यासाठी ही गोष्ट मोलाची आहे, कारण वजन आटोक्यात आले तर त्याचा फायदा गुडघ्याला प्रत्येक पावलावर मिळतो.

पहिली पायरी : कोणी आधी डॉक्टरांना दाखवावे

सांधा सुजून गरम लागत असेल, चालता चालता गुडघा अडकत असेल किंवा अचानक दगा देत असेल, रात्री झोपेतही दुखत असेल, छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर काठ्या हाती घेण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. खांदा आखडलेला असेल किंवा मनगटात मुंग्या येत असतील तर दोन काठ्यांचा दाब तेथे त्रास देतो, आणि गुडघ्याचे दुखणे खांद्यावर नेण्यात काही अर्थ नाही.

एकच पाय दुखत असेल आणि एकाच काठीने भागणार असेल, तर ती काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. गावात जवळजवळ प्रत्येक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतो. उजव्या पायावर उभे राहिले की सारे शरीर डावीकडे झुकू पाहते व ते रोखण्यासाठी उजव्या खुब्याच्या बाजूचे स्नायू जोराने ओढतात. डाव्या हातातली काठी खुब्यापासून दूर असल्यामुळे थोड्याशा दाबाने ती हे झुकणे अडवते आणि स्नायूंना सैल सोडते. लांब दांडीने थोड्या जोरात जड वस्तू उचलली जाते हे कोणाला सांगावे लागत नाही. येथेही तोच हिशोब आहे.

दुसरी पायरी : काठी निवडणे

बाजारात दोन प्रकारच्या काठ्या मिळतात. डोंगर चढण्या-उतरण्यासाठीच्या ट्रेकिंग काठ्या कमी-जास्त लांबीच्या करता येतात. नॉर्डिक काठ्यांचा पट्टा हातमोज्यासारखा हाताला बसतो. फिनलंडमधील बर्फावर घसरत जाणारे खेळाडू उन्हाळ्यात सरावासाठी काठ्या घेऊन चालत, त्यातून हा दुसरा प्रकार आला आणि १९९७ च्या सुमारास स्वतंत्र काठ्या व स्वतंत्र नाव घेऊन तो लोकांत पसरला. आपल्याला सपाट रस्ता आणि अधूनमधून उतार अशा दोन्हींसाठी लांबी बदलणारी ट्रेकिंग काठी सोयीची. ती घेताना खटक्याने आवळली जाणारी घ्यावी. माझी पहिली जोडी नळी फिरवून घट्ट होणारी होती. चिखलदऱ्याला गाविलगडाच्या उतारावर मी तिच्यावर पूर्ण भार टाकला आणि ती हातभर आत सरकली. सुदैवाने शेजारी झाड होते. फिरवून घट्ट केलेल्या नळीवर धूळ व ओल बसली की तिची पकड सुटते, आणि बाहेरून पाहून ते कळत नाही.

विकतची जोडी परवडत नसेल तर बांबूची काठी चालते, हे मी अनुभवाने सांगते. गडचिरोली, गोंदिया आणि मेळघाटाकडे होणारा मानवेल बांबू जवळजवळ भरीव असतो, म्हणून भाराखाली फाटत नाही. अंगठ्यापेक्षा थोडा जाड, सरळ, पूर्ण वाळलेला आणि पेरे जवळजवळ असलेला तुकडा निवडावा व पेरावरचे कंगोरे घासून घ्यावेत. खालच्या टोकाला औषधाच्या दुकानात मिळणारे, वॉकरच्या पायाला लावतात ते रबरी बूच बसवावे, किंवा मातीवरच चालायचे असेल तर लोहाराकडून शेंबी, म्हणजे लोखंडी टोपण, ठोकून घ्यावी. हातपट्ट्यासाठी बाजेची जुनी नवार उत्तम असते. वरच्या पेराच्या गाठीखाली सुतळी आवळून गुंडाळावी आणि त्यात नवारीचा फास अडकवावा. छिद्र पाडून दोरी ओवू नये, कारण बांबू तेथूनच चिरतो.

लांबीसाठी सोपी रीत अशी की, काठी उभी धरून टोक पावलाशेजारी टेकवले असता कोपर काटकोनात यावे. सेंटिमीटरमधली उंची गुणिले ०.६८ केली तरी सुमारे तीच लांबी येते. पाच फूट एक इंच, म्हणजे १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईला १०५ सेंटिमीटरची, तर पाच फूट सहा इंच उंचीच्या पुरुषाला ११४ सेंटिमीटरची काठी पुरते. मोजमाप दोन आकड्यांच्या मध्ये आले तर आखूड घ्यावी. गुराख्याची खांद्याएवढी काठी उतारावर टेकायला चांगली असली तरी तिने मागे रेटता येत नाही.

तिसरी पायरी : पहिले तीन दिवस

पट्टा धरण्याची पद्धत उलटी शिकली गेली की पुढचे सगळे बिघडते. हात पट्ट्याच्या फासातून खालून वर घालावा आणि मग पट्ट्यासकट मूठ धरावी, म्हणजे पट्टा अंगठा व तर्जनीच्या बेचक्यातून तळहाताखाली येतो. आता बोटे सैल सोडली तरी दाब पट्ट्यावरून काठीत जातो. मूठ आवळून दाब देणाऱ्यांची मनगटे दोन दिवसांत दुखतात.

पहिल्या दिवशी काठी टेकवूच नये. पट्टे हातात घालून मुठी सोडून द्याव्यात, काठ्या मागे जमिनीवर फरफटू द्याव्यात आणि नेहमीसारखे चालावे. आपले हात आपोआप विरुद्ध पायासोबत हलतात, ते तसेच हलू द्यावेत. काठी हातात येताच माणूस विचार करू लागतो आणि उजवा हात उजव्या पायासोबत पुढे येऊ लागतो. तसे झाले की थांबावे, पुन्हा काठ्या फरफटत न्याव्यात आणि पन्नास-साठ पावलांनी हाताला लय सापडली की हलकेच मूठ धरावी. आमच्या मैदानावर एक पासष्टीच्या काकू पहिल्या दिवशी दर दहा पावलांनी अडखळत होत्या. मी त्यांना जात्यावरची ओवी म्हणत चाला म्हटले, आणि ओवीच्या ठेक्यावर त्यांचे हात-पाय पाच मिनिटांत जुळले. तेव्हापासून मी मोजणे शिकवत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दाब द्यायला शिकावे. काठीचे टोक शरीराच्या पुढे न टेकवता, पुढच्या पावलाच्या टाचेच्या मागे, दोन पावलांच्या मधोमध टेकवावे आणि टोक मागे व मूठ पुढे अशी काठी तिरपी असावी. टेकली की तळहाताने खाली व मागे रेटावे, हात कमरेपर्यंत मागे जाऊ द्यावा आणि तेथे मूठ उघडावी. खांदे कानांकडे चढले असतील तर काठी लांब आहे किंवा मन घाबरलेले आहे. दोन्ही गोष्टी दुरुस्त होतात. पाऊल नेहमीपेक्षा लांब पडत नाही ना, हे सोबतच्याने मागून पाहावे.

चौथी पायरी : उतार आणि पायऱ्या

काठ्यांचा खरा उपयोग येथे आहे, म्हणून सपाटीवर आठ-दहा दिवस हात बसल्यावर हे मुद्दाम शिकावे. चढताना काठी पाच ते दहा सेंटिमीटर आखूड करावी आणि उतरताना तेवढीच लांब करावी. बांबूची असेल तर उतरताना काठीचे वरचे टोक तळहाताखाली घेऊन धरावी.

उतरताना टोक शरीराच्या पुढे जाते आणि क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी दोन्ही काठ्या खालच्या जागेवर टेकवून त्या सरकत नाहीत याची खात्री करावी, मग त्यांवर भार द्यावा आणि त्यानंतर पाऊल खाली न्यावे. पाऊल आधी आणि काठी नंतर गेली तर सांध्यावर आपटणारा भार आधीच आपटून गेलेला असतो. गुडघा पूर्ण ताठ करून उतरू नये. किंचित वाकलेला गुडघा धक्का झेलतो. रामटेकला अंबाळ्याच्या बाजूने पायऱ्या उतरताना मी एका बाजूला धरायला कठडा असेल तेथे एक हात कठड्यावर ठेवते व दुसऱ्या हातात एकच काठी घेते, कारण कठडा काठीपेक्षा भरवशाचा असतो. एकच गुडघा दुखत असेल तर उतरताना दुखरा पाय आधी खाली न्यावा आणि चढताना चांगला पाय आधी वर टाकावा. जास्त कष्टाचे काम चांगल्या पायाकडे जाते.

खडकाळ, निसरड्या उतारावर पट्ट्यातून हात बाहेर काढून ठेवावेत. तोल गेला आणि काठी दगडांत अडकली तर पट्ट्यातला अंगठा मुरगळून त्याच्या सांध्याचा अस्थिबंध (लिगामेंट) फाटू शकतो. नागपंचमीच्या सुमारास पचमढीच्या नागद्वार यात्रेला विदर्भातून हजारो लोक जातात आणि पावसात त्या वाटा शेवाळलेल्या असतात. तेथे जाणाऱ्यांनी ही एक गोष्ट तरी लक्षात ठेवावी. लांब डोंगरचालीत काठ्यांचा आणखी एक फायदा २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसला होता. वेल्समधील स्नोडन डोंगर चढून उतरलेल्यांपैकी काठ्या वापरणाऱ्यांचे स्नायू पुढच्या दिवसांत कमी दुखले होते.

आपली जमीन

उन्हाळ्यात काळ्या मातीला पडलेल्या भेगांत टोक तीन-चार बोटे सहज आत जाते आणि आपण पुढे निघालेले असतो, त्यामुळे खांद्याला झटका बसतो किंवा काठी वाकते. वावरातून चालायचेच असेल तर टोकाजवळ रुंद चकती लावावी, नाहीतर धुऱ्याने (बांधावरून) किंवा मुरमाच्या रस्त्याने जावे. पावसाळ्यात तीच माती रबरी बुचाला इतकी चिकटते की शंभर पावलांत काठी दुप्पट जड होते. अशा वेळी मी डांबरी रस्ता धरते. डांबरावर लोखंडी टोक घसरते आणि त्याचा धक्का कोपराला बसतो, म्हणून तेथे रबर हवेच. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा सकाळी सात वाजण्यापूर्वी घरी परतावे. सांध्यासाठी म्हणून ऊन लागून घेणे परवडणारे नाही.

किती चालावे

आठवड्यातून तीन दिवस, दहा-दहा मिनिटे, एवढीच सुरुवात असावी. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. चालताना थोडे दुखले तर घाबरू नये, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर गुडघा आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत असेल किंवा सुजला असेल तर चालणे निम्मे करावे आणि तीन दिवसांनी पुन्हा वाढवावे. सकाळचा गुडघा खरे सांगतो. चालून आल्यावर खाटेवर बसून पाय सरळ करावा, मांडीचा पुढचा स्नायू आवळून पाच अंक मोजावेत व सोडावा, असे दहा वेळा दोन्ही पायांनी करावे. काठ्या भार वाटून घेतात, पण मांडीत बळ आणण्याचे काम त्यांच्याने होत नाही आणि त्या बळावाचून गुडघा सुधारत नाही.

सुरुवातीला लोक विचारतात, ‘काहून वो बाई, दोन-दोन काठ्या?’ बायकांना या प्रश्नाचा संकोच फार वाटतो आणि कित्येक जणी त्यामुळेच सोडतात. दोघी-तिघींनी मिळून निघावे, म्हणजे उत्तर द्यायला सोबत असते. वजनकाट्याचा प्रयोग विचारणाऱ्यालाच करून दाखवावा. आमच्याकडे असे विचारणारे दोन काका आज रोज मैदानावर येतात.

काठीची निगा

पावसातून आल्यावर नळ्या वेगळ्या करून पुसाव्यात व रात्रभर सुट्या ठेवाव्यात, नाहीतर आत गंज धरतो. खटक्याचा स्क्रू महिन्यातून एकदा आवळावा आणि काठीवर भार टाकून ती सरकत नाही हे घराच्या अंगणातच पाहावे. बांबूला वर्षातून दोनदा जवसाचे तेल चोळावे. रबरी बूच दर पंधरा दिवसांनी उलटे करून बघावे. पुढची कड झिजली असेल तर टोक मागे ठेवून काठी बरोबर रेटली जात आहे. मागची कड झिजली असेल तर टोक अजून शरीरापुढे टेकत आहे. एकाच काठीचे बूच झिजले असेल तर दुसरा हात भार घेत नाही, आणि तेव्हा वजनकाट्यावर उभे राहून एकेका हाताने दाबून पाहावे. बूच नव्यासारखेच राहिले असेल, तर काठ्या अजून मिरवल्याच जात आहेत.